मंदाक्रांतेची बारस

आखाडा बाळापूर, जि. हिंगोली
२० नोव्हेंबर २००१

व्यंकटा,

तुझे मासे पोचले. तू पुण्याला पोचल्याचं मात्र मला तुझ्या विजयकुमारच्या फोनवरून कळलं. तुला दे म्हटलं, तर म्हणाला, बाबा झोपलेत. भर दुपारी झोपणारा माणूस तू कधीपासून झालास?

दिवाळीच्या तोंडावर तुझा गडी पेमा हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. गाडीवर रिकामी काचपेटी, शेजारी पितळेचा हंडा, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मला वाटलं, फराळाचं आलं. फडकं सोडलं तर आतून मंदाक्रांता माझ्याकडे पाहून राहिली होती. तिच्या मागं भुजंगप्रयात आणि साकी.

"निरोप काय?" मी पेमाला विचारलं.

"निरोप न्हाई. ही डबी दिली."

नांदेडहून तू आणायचास ती, माशांच्या खाण्याची डबी. लाल-पिवळ्या पापड्या, शाळेत रंगीत कागद कातरल्यावर खाली पडतात तशा. गाव सोडून जाताना तू मला भेटला नाहीस, मासे तेवढे भेटायला पाठवलेस.

मी असं काय बोललो होतो रे? तुझ्या ओसरीवर बसलो होतो. पद्मावहिनींना जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. तू पेटीत पापड्या टाकल्यास, मासे खालीच बसून राहिले. मी म्हणालो, "व्यंकटा, वहिनी गेल्यापासून यांना रोज हेच. एकच कविता वर्षभर घोकायला लावली तर पोरंसुद्धा पेंगतात." तू उठून आत गेलास. मला वाटलं चहा सांगायला गेलास. बराच वेळ बसलो. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

त्या वाक्यात वावगं काय होतं ते मी अजून शोधून राहिलो आहे. घरी बायकोला विचारलं, तर आशा म्हणते, "खरं बोलले म्हणून लागलं त्यायला."

असो. पेटी खिडकीजवळ ठेवली आहे. तुझ्या माशांना काही कमी पडू देणार नाही. तू परत येशील तेव्हा तिघंही जशीच्या तशी तुझ्या ताब्यात देईन. हा शब्द झाला.

तुझा
सोनाजी

ता. क. निताबाई, तुमच्या सासऱ्यांचा मोतीबिंदू पिकलाय, हे मला ठाऊक आहे. म्हणजे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार. कडीचा मजकूर जरा सावकाश वाचा.


आखाडा बाळापूर
६ डिसेंबर २००१

व्यंकटा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. चाळीस वर्षं स्टँडवर कंट्रोलर होतो, न येणाऱ्या गाड्यांची वाट पाहायची सवय आहे.

इकडं सर्व खुशाल. थंडी पडली आहे. मंदाक्रांता जरा आळसावली आहे, पण ती मुळातच मंद चालीची. म्हणून तर तू ते नाव ठेवलंस. विजयकुमारनं नोकरी लागल्यावर आईला सोबत म्हणून ही पेटी आणली होती, आणि आपण दोघं दिवसभर पेटीपुढं बसून कोणता मासा कोणत्या वृत्तात पोहतो ते ठरवत होतो, आठवतं? वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एवढं लांब नाव घेऊस्तोवर मासा म्हातारा व्हईल." त्या तिला मंदी म्हणायच्या. आणि खरं सांगू, हाकेला ती त्यांच्याच यायची. आपण वृत्तात हाक मारली तर शेपटीसुद्धा हलवायची नाही.

काल पेटीपुढं बसलो आणि हट्टा गावची आपली शाळा आठवली. निजामाचं राज्य होतं तोवर आपण उर्दूत पाढे म्हणत होतो. मग राज्य गेलं आणि एके दिवशी मास्तरांनी मराठीचं पुस्तक वर्गात आणलं. अख्ख्या वर्गाला एक पुस्तक. घरात आपण मराठी बोलत होतो, पण ती भाषा अशी छापलेली, वर चालीत म्हणायची, हे कुणाला माहीत होतं? मास्तर टेबलावर डस्टर आपटून ठेका धरायचे, खडूची भुकटी उडायची, आणि आपण मागच्या बाकावरून गळा काढून राहिलेलो. तू कविता पाठ करायचास ती भुकेलं पोरगं भाकरी खातं तशी, तुकडासुद्धा न सांडता. मी सांडत सांडत. शाळा सुटली की तू मला ओढ्यापर्यंत सांडलेल्या ओळी भरवत न्यायचास.

डबी मी कपाटात टाकली आहे, पण फेकली नाही. तिच्याऐवजी रोज काही वेगळं देऊन पाहतो. पालक उकळत्या पाण्यातून काढून दोऱ्यानं बांधून सोडला. साकीनं त्याला झालर पाडली. काकडीची चकती दिली. भुजंगप्रयात तिच्यावर नाक घासून निघून गेला. मागच्या सिमेंटच्या टाकीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या, त्या चहाच्या गाळणीनं धरून घातल्या. काय सांगू, तिघांनी दंगल केली! दुसऱ्या दिवशी हिवताप खात्याचा माणूस भिंतीवर तारीख टाकायला आला आणि टाकी बघून म्हणाला, "काका, तुमी डास पाळून राहिले का मासे?" टाकी उपडी करून गेला. वहिनी असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं. गळ्यात माळ असलेल्या बाईच्या पेटीत अळ्या चालल्या नसत्या.

आणि औंढ्याला आपण चौघं गेलो होतो ते आठवतं? तिथल्या तळ्यात बायका कणकेच्या गोळ्या टाकत होत्या आणि केवढाल्या माशांची तोंडं वर येत होती. तू म्हणालास, "बघ, एवढी तोंडं अन् एकाला कविता येत न्हाई." आशा हसता हसता पायरीवर बसली. कसे दिवस होते. माणूस पाण्यात गोळी टाकतो आणि त्याला वाटतं, आपण पुण्य केलं.

बाकी ठीक.

सोनाजी


आखाडा बाळापूर
२४ डिसेंबर २००१

व्यंकटा,

मागच्या पत्रात मी लपवलं. आज लिहितो.

मंदाक्रांता आळसावलेली नाही. कलंडली आहे. एका कुशीवर पाण्याच्या वरच्या थराला टेकून असते, पोट फुगलं आहे, खाली जायला बघते आणि बुडवलेल्या बुचासारखी परत वर येते. औंढ्याची आठवण मी उगाच काढली नव्हती. कणकेच्या गोळ्या मीच दिल्या. दिवाळीचं आपल्या घरात गोडधोड चाललेलं, आणि यांनी बिचाऱ्यांनी तेच पालकाचं पान चघळायचं? मला दया आली. औंढ्याचे मासे खातात, मग हे का खाणार नाहीत? भुजंगप्रयात आणि साकीनं थोडं चाखलं. मंदानं मन लावून खाल्लं. त्यानंतर मी रोजच देत गेलो. त्या माशांना पोहायला अख्खं तळं असतं, हे मला सुचलं नाही. कणीक तिच्या पोटात फुगून बसली.

सकाळी उठलो की पहिलं पेटीकडं जातो. ती हलते का बघतो. तुला दिलेला शब्द त्या काचेत कलंडून पडला आहे असं वाटतं.

आज मी तिथं पाटावर बसलो होतो. आशा भाजी निवडत होती.

ती म्हणाली, "परवा एकादस हाय न्हाई का?"

"असेल. मग?"

"मग काय, तिला उपाशी ठेवा. पद्माबाई एकादशीला माशायला काहीच देत न्हवत्या. घरातली माणसं उपाशी अन् मासे जेवून राहिले, असं कसं, म्हणायच्या. अन् दुसऱ्या दिवशी बारसंला वाटाणे उकडून. हिवाळ्यात ओले, न्हाईतर रातभर भिजवलेले."

मी पाटावरून उठलो. "हे तू मला आत्ता सांगून राहिलीस?"

"तुमी इचारलं व्हय मला? तुमी तर त्या पालकाला कविता म्हणून दाखवून राहिले व्हते."

व्यंकटा, तुझ्याच घरात एवढं चाललं होतं आणि आपण दोघं ओसरीवर वृत्तं मोजत बसायचो! दर एकादशीला तू साबुदाणा खायचास, वहिनी निव्वळ पाण्यावर राहायच्या, आणि त्यांच्या जोडीला हे तिघं. सोबत म्हणून आणली होती ना ती पेटी? बरोबर सोबत केली.

परवापर्यंत थांबत नाही. आजपासूनच तिचा उपास धरला आहे. तू वाचणार नाहीस, ऐकशील. ऐकून काही म्हणायचं असेल तर म्हण. शिव्या दिल्यास तरी चालेल.

सोनाजी


आखाडा बाळापूर
३० डिसेंबर २००१

व्यंकटा,

बारस झाली. बाजारातून ओले वाटाणे आणले, आशानं उकडले. मी एक पाण्यात सोडला. मंदा कशीबशी वळली, तोंडात घेतला आणि थुंकला. परत घेतला, परत थुंकला. वाटाणा तळाशी गेला, ती वर राहिली. उपासानं पोटाची फूग थोडी उतरली आहे, पण अजून तिरपीच आहे. आशाला विचारलं, वहिनी आणखी काय करायच्या? ती म्हणाली, "वाटाणे उकडून आत न्यायच्या एवढं पाह्यलं. आत काय करायच्या ते त्यांच्या घरच्यायला ठावं."

घरचा तू एकटाच आहेस.

निताबाईंचं पत्र आलं. तुला सांगू नका असं त्यांनी लिहिलेलं नाही, म्हणून सांगतो. त्या लिहितात, तू सकाळ-संध्याकाळ डब्यातली कसलीशी पूड दुधात कालवून पितोस. दुसरं काही पुढं ठेवलं की ताट सरकवतोस. डॉक्टर म्हणतात, पोटात काही दोष नाही. सून बिचारी रोज नवं करून बघते, आणि तू भिंतीकडं तोंड करून पडतोस. पण माझं पत्र वाचताना मंदाचं नाव आलं की तुझी मान हलते.

म्हणजे तूही डबीवरच आहेस. वाचून आधी हसू आलं, मग मला जेवण गेलं नाही.

निताबाई, आता हे तुमच्यासाठी. यांना आंबाडीची भाजी आवडते, ज्वारीच्या कण्या घालून केलेली. वर लसणाची फोडणी. पुण्यात आंबाडी मिळाली नाही तर सांगा, नांदेडच्या गाडीवर ड्रायव्हरच्या हाती पाठवतो. माझी अजून एवढी ओळख आहे. येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाल्याचं पीठ, घालून केलेली आमटी आवडते. भाकरी पातळ नको. हे सगळं मी यांना ऐकवण्यासाठीच लिहितो आहे. मोठ्यानं वाचा.

व्यंकटा, एक शेवटचं. आशा म्हणाली, वहिनी एकादशी कधी मोजत नव्हत्या, बारस मोजायच्या. बारस सोडली नाही तर एकादस पदरात पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. तू उन्हाळ्यापासून एकच एकादशी धरून बसला आहेस.

मंदासाठी काही सुचलं तर कळव. माझी अक्कल संपली.

सोनाजी


आखाडा बाळापूर
१२ जानेवारी २००२

व्यंकटा,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं दिलं तेव्हा मी अंगणात होतो. पत्त्यावरचं अक्षर बघितलं आणि तिथंच उभा राहिलो. ओळी उतरत्या, एक शब्द दुसऱ्यावर चढलेला, पण अक्षर तुझंच. डोळ्याला दिसत नसताना तू सुनेला सांगितलं नाहीस, स्वतः लिहिलंस.

आशाला वाचून दाखवलं:

"सोन्या, साल काढायची. उकडलेला वाटाणा चिमटीत दाबला की साल सुटते. मग दोन फाका कर. सालीसकट देऊन मारून टाकशील तिला, गाढवा. ती पद्माची आहे. व्यंकट."

एवढंच. ना खुशाली, ना नमस्कार. गाढवा वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिन्यांत मला इतक्या प्रेमानं कुणी बोललं नव्हतं. आशाला सांगितलं तर म्हणते, "मला सांगायचं व्हतं की, मी रोज म्हणले असते."

लगेच वाटाणा उकडला. चिमटीत दाबला तर टुणकन उडून कोनाड्यात गेला. दुसरा चुरडला. तिसऱ्याची साल निघाली, आत कोवळ्या हिरव्या दोन फाका. एक फाक बोटावर धरून पाण्यात घातली. मंदानं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. मी म्हणालो, "मंदी, घे." वृत्तातली हाक नाही, वहिनींची हाक. ती आली आणि तिनं फाक घेतली. थुंकली नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतरच्या सकाळी उठून बघतो तर बाई सरळ. पेटीच्या तळाशी, वाळूपासून बोटभर वर, जड पावलांनी सोहळ्यात फिरावं तशी. मला आपली ती ओळ आठवली, पेटी आणली त्या दिवशी तू केलेली:

पाण्यामध्ये सहज फिरते शांत मंदा कशी ही

पुढची ओळ तू केलीच नाहीस. वहिनींनी जेवायला हाक मारली होती, म्हणून उठलास.

आता ऐक. या महिन्याच्या २४ तारखेला एकादशी आहे. तिघांचा उपास आम्ही धरू. पण बारसंचे वाटाणे सोलायचं आमच्याच्यानं होणार नाही. माझ्या चिमटीतून दाणे उडतात. आशानं तर साफ सांगितलं: "त्यायला लिहा, मला ते सोलता येत न्हाई." जी बाई पातेलंभर वालाचे दाणे बोलता बोलता सोलते, तिला वाटाणे सोलता येत नाहीत! तूच समज काय ते.

पुण्याहून नांदेडची रातराणी धर. नांदेडला उतरलास की हिंगोलीची गाडी लागलेलीच असते. डाव्या हाताच्या खिडकीत बस, उन्हाचा त्रास नाही. विजयकुमारला नांदेडपर्यंत सोबत घे, हट्ट करू नकोस. मी स्टँडवर असेन. माझी जागा तुला माहीत आहे, चौकशीच्या खिडकीजवळचा खांब.

वाटाणे उकडून ठेवतो. सोलणार नाही.

तुझा
सोन्या


आखाडा बाळापूर
२५ जानेवारी २००२

चि. सौ. निताबाईंस आशीर्वाद,

बाबा पोचले. विजयकुमार सोबत आहे, दोघं सुखरूप आहेत. आज तिकडं काळजीत असाल म्हणून मंडळी जेवत असतानाच हे लिहायला बसलो. खरं तर फोन करता आला असता, पण फोनवर एवढं सांगता येत नाही.

गाडी उशिरा आली. मी खांबाला टेकून उभा. तुमचे सासरे उतरले, माझ्याकडं आले, माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ डोळे आणून पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. विजयकुमार मागून खुणा करून राहिला, रात्रीपासून पाण्याच्या घोटाशिवाय काही घेतलेलं नाही म्हणून. घरापर्यंत आम्ही चालत आलो. मी दोनदा कविता सुरू करून बघितली. ते पुढच्या ओळीला लागले नाहीत.

घरात आले ते सरळ पेटीपाशी. काचेला कपाळ टेकवून उभे राहिले. मग पहिलं वाक्य बोलले, "ऊन पडून राह्यलं की हिच्यावर. अक्कल हाय का काही?" आम्ही तिघांनी मिळून पेटी बाजूला सरकवली. माझ्या मनावरचं ओझंही त्याबरोबर सरकलं.

आशानं पाट मांडला, उकडलेल्या वाटाण्यांची वाटी पुढं ठेवली. ते बसले. निताबाई, त्यांना दिसत नाही हो फारसं, पण बोटांना दिसतं. एक दाणा चिमटीत धरला, दाबला, साल अलगद सुटली. मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" म्हणाले, "शिकवलं कशाला? ती सोलायची, मी समोर पेपर वाचत बसायचो. पेपरातलं काहीच ध्यानात न्हाई. हे ऱ्हायलं."

उठून त्यांनी फाक बोटावर घेतली आणि पाण्यात हात घातला. हाक मारली नाही, बोट तेवढं हलवलं. मंदा मात्र आली. आपल्या चालीनं, मध्ये थांबत, बोटापाशी आली आणि फाक घेऊन गेली. भुजंगप्रयात अन् साकीलाही त्यांच्या वाटणीचं मिळालं.

ओला हात तसाच धरून ते परत पाटावर बसले. दुसरा वाटाणा सोलला, दोन फाका केल्या. एक पेटीत गेली. दुसरी बोटांतच राहिली. ती ते अंगठ्यानं चाचपत राहिले. विजयकुमार काही बोलणार होता, आशानं त्याला डोळ्यानंच गप्प केलं.

ती फाक त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली. सावकाश चावली. गिळली.

"मीठ न्हाई याच्यात," म्हणाले.

स्वयंपाकघरातून आशा कडाडली, "माशाच्या वाटणीचं खाऊन वर मीठ मागून राहिले! हात धुवा अन् इकडं या. आंबाडीची भाजी कवाची गार व्हऊन राहिली."

आणि ते उठले.